पास्ता दर वेळी गिच्च होतो: पाणी किती घ्यावे आणि दोष कुठे शोधावा

पास्ता कधी मोकळा होतो, कधी त्याचा गोळा होतो, तर कधी बाहेरून लगदा आणि आत कणी अशी त्याची अवस्था होते. ही तक्रार आपल्याकडे वारंवार ऐकू येते आणि तिच्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो: पाणी कमी पडले असेल, पुढच्या वेळी भरपूर घाला. त्याप्रमाणे पाणी वाढवले तरी काही दिवसांनी पुन्हा तोच गोळा पातेल्यात दिसतो, कारण पास्ता चिकट होण्याचे मूळ बहुतेक वेळा पाण्याच्या प्रमाणात नसते. पहिल्या दोन मिनिटांत न ढवळणे, पास्ता ज्या पिठाचा आहे ते पीठ, भांड्याचा आकार आणि पाण्यातले क्षार यांपैकी कशात तरी ते असते. प्रमाणाचे उत्तर आधीच देऊन ठेवतो. चांगल्या प्रतीच्या, कोरड्या आणि आखूड आकाराच्या पास्त्याला १०० ग्रॅममागे ३५० मिलिलिटर पाणी पुरते. पाकिटांवर छापलेल्या प्रमाणाचा तो जेमतेम तिसरा हिस्सा आहे. एवढे पाणी का पुरते, कुठे पुरत नाही आणि हे सर्व करूनही बिघाड राहिला तर तो कसा ओळखावा, हे पुढे सविस्तर लिहिले आहे.

एका लिटरचा नियम आणि सोलापूरचे पाणी

इटलीत रूढ असलेले प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे: १०० ग्रॅम पास्ता, १ लिटर पाणी, १० ग्रॅम मीठ. आपल्याकडच्या अनेक पाकिटांवरही हेच किंवा याच्या जवळपासचे प्रमाण आढळते. त्यामागे तर्क आहे. पास्ता शिजताना त्याच्या पृष्ठभागावरचे पिष्ट, म्हणजे स्टार्च, पाण्यात उतरते. पाणी भरपूर असले की हे पिष्ट विरळ राहते, पास्त्याला हलायला जागा मिळते आणि कोणी फारसे ढवळले नाही तरी निभावून जाते. जास्तीचे पाणी ही स्वयंपाक करणाऱ्याच्या दुर्लक्षाला मिळालेली सवलत आहे. ज्या गावात नळाला बारमाही आणि रोजचे पाणी आहे, तिथे ही सवलत घ्यायला हरकत नाही.

सोलापुरात हिशेब वेगळा मांडावा लागतो. शहराचे बरेचसे पाणी भीमेवरच्या उजनी धरणातून शंभर किलोमीटरांहून लांब जलवाहिनीने येते, आणि ते घरोघरी रोज मिळत नाही. काही दिवसांआड येणारे पाणी टाकीत, पिंपात आणि कळशीत भरून ठेवून पुरवून वापरावे लागते. पिण्याचे पाणी तर अनेक घरांत यंत्रातून शुद्ध केलेले किंवा वीस लिटरच्या जारमधून विकत आणलेले असते. अशा घरात चौघांच्या नाश्त्यासाठी पाव किलो पास्ता करायचा, तर नियमाप्रमाणे अडीच लिटर पाणी लागते आणि त्यातले सुमारे दोन लिटर मोरीत ओतले जाते. आरओ यंत्राचे पाणी असेल तर नुकसान याहून मोठे असते, कारण घरगुती यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना सहसा त्याहून जास्त पाणी बाहेर टाकते. पाहुण्यांसाठी किलोभर पास्ता करायचा झाल्यास दहा लिटर आधण ठेवावे लागेल, आणि तेवढे मोठे पातेले घरच्या शेगडीवर नीट बसतही नाही.

हा प्रश्न फक्त पाणीटंचाईच्या गावांनाच पडला आहे असे नाही. स्वयंपाकामागच्या विज्ञानावर लिहिणारे अमेरिकी लेखक हॅरॉल्ड मॅकगी यांनी २००९ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये याच विषयावर लिहिले होते. साधारण ४५० ग्रॅम पास्ता दीड ते दोन लिटरांच्या आसपासच्या पाण्यात, तोही थंड पाण्यापासून सुरुवात करून, व्यवस्थित शिजतो असे त्यांनी त्यात मांडले. मात्र वारंवार ढवळण्याची अट त्यांनीही घातली होती. माझ्या मते आपल्या उपयोगाची गोष्ट हीच अट आहे.

पातेल्यात काय घडते

गव्हाच्या पिष्टाचे कण ५५ ते ६५ अंश सेल्सिअसच्या सुमारास पाणी शोषून फुगू लागतात. पास्ता उकळत्या आधणात पडला की त्याच्या अगदी वरच्या थरातले कण काही सेकंदांतच फुगतात, त्यांपैकी काही फुटतात आणि त्यांतून चिकट द्रव्य बाहेर येते. या वेळी पृष्ठभागाभोवती पाणी थोडे आणि पिष्ट फार अशी स्थिती असल्याने तिथे खळीसारखा थर तयार होतो. दोन तुकडे याच क्षणी एकमेकांना टेकून स्थिर राहिले, तर ते जोडले जातात आणि नंतर शिजताना ती जोड पक्की होते. उलट, त्यांना या काळात हलते ठेवले तर वरचे मोकळे पिष्ट पाण्यात धुऊन जाते, पृष्ठभाग आणखी पाणी पिऊन निसरडा होतो आणि मग पुढची सात-आठ मिनिटे अधूनमधून हलवले तरी पुरते.

दुसरीकडे पिठातली प्रथिने उष्णतेने घट्ट होत असतात आणि पिष्टाच्या कणांना जाळीत धरून ठेवतात. ही जाळी मजबूत असली की पिष्ट आत राहते आणि पास्ता मोकळा व चावायला चांगला होतो. जाळी कच्ची असली की पिष्ट बाहेर येतच राहते, आणि त्यावर पाच लिटर पाणीही उपाय ठरत नाही. आपल्याकडे तांदूळ वेळूनही शिजवतात आणि मोजक्या पाण्यात बसवूनही. दोन्ही रीतींनी भात मोकळा होऊ शकतो आणि दोन्ही रीतींनी त्याचा गिचका होऊ शकतो, कारण तांदळाची जात आणि हाताची सवय या गोष्टी पाण्याइतक्याच महत्त्वाच्या असतात. पास्त्याचेही तसेच आहे.

जास्त पाण्याच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद नेहमी केला जातो. पाणी थोडे असेल तर पास्ता टाकताच आधण मोडते, पुन्हा उकळी यायला वेळ लागतो आणि तोवर पास्ता भिजून चिकट होतो, असे सांगतात. हा युक्तिवाद आकड्यांत तपासून पाहण्यासारखा आहे. पाव किलो कोरडा पास्ता खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत तापवायला सुमारे ३० किलोज्यूल उष्णता लागते, आणि पातेल्यात पाणी किती आहे याच्याशी या उष्णतेचा संबंध नसतो. अडीच लिटर पाण्याचे तापमान त्यामुळे सुमारे ३ अंशांनी उतरते आणि ९०० मिलिलिटर पाण्याचे सुमारे ७ ते ८ अंशांनी. उतार मोठा दिसला तरी भरून काढायची उष्णता दोन्हीकडे तेवढीच असते, म्हणून त्याच आचेवर दोन्ही पातेली जवळपास सारख्याच वेळात, म्हणजे अर्ध्या-पाऊण मिनिटात, पुन्हा उकळू लागतात. शिवाय ९० अंशांवरही पिष्ट शिजतच असते, तेव्हा हा अर्धा मिनिट वाया जात नाही.

गॅसची बचत मात्र खरी आहे. अडीच लिटरऐवजी ९०० मिलिलिटर पाणी तापवले तर साधारण शेगडीवर १५ ते २० ग्रॅम गॅस आणि सात-आठ मिनिटे वाचतात, असा हिशेब निघतो. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीतले पाणी आधीच तापलेले असल्याने हा फरक थोडा कमी होतो, एवढेच.

थोड्या पाण्यातली रीत

पाव किलो पेने, मॅकरोनी किंवा फुसिलीसाठी साधारण ९०० मिलिलिटर पाणी घ्यावे. प्रमाण वाढवताना मात्र पाणी त्याच पटीत वाढवण्याची गरज नसते, कारण बाष्पीभवनाने जाणारे पाणी तेवढ्या पटीत वाढत नाही. किलोभर पास्त्याला तीन ते सव्वातीन लिटर पुरतात. मापाचे भांडे हाताशी नसेल तर पास्ता पातेल्यात पसरून त्याच्यावर बोटाची दीड ते दोन पेरे पाणी येईल असे पाहावे. ही खूण रुंद भांड्याला लागू पडते. अरुंद आणि उंच डब्यासारख्या पातेल्यात पास्त्याचा थर जाड होतो, खालचे तुकडे वरच्यांच्या भाराखाली दबून राहतात आणि दोन पेरे पाणी फसवे ठरते. म्हणून थोड्या पाण्यात शिजवायचे असेल तर पसरट पातेले किंवा मोठी कढई घ्यावी, आणि तिचा तळ जाड असावा, म्हणजे पास्ता तळाला लागत नाही.

पाण्याला खळखळून उकळी आल्यावर मीठ घालावे आणि पास्ता एकदम न ओतता मुठीमुठीने वैरावा. वैरताच डावाच्या मागच्या बाजूने किंवा लाकडी उलथन्याने तळापासून ढवळायला सुरुवात करावी आणि पहिली दोन मिनिटे हात थांबवू नये. फोन, दार किंवा फोडणी यांपैकी कशासाठीही ही दोन मिनिटे सोडू नयेत. पास्ता मोकळा होणार की गोळा, याचा निकाल इथेच लागतो. त्यानंतर आच मध्यम करावी, झाकण अर्धवट ठेवावे आणि दर मिनिट-दीड मिनिटाने एकदा तळापासून हलवावे. शिजत असताना पास्त्याचे टोक पाण्याबाहेर दिसू लागले आणि अजून तीन-चार मिनिटे बाकी असतील, तर शेजारच्या शेगडीवरचे कढत पाणी अर्धी वाटी घालावे. गार पाणी ओतू नये, कारण त्याने उकळी मोडते आणि वेळेचा अंदाज चुकतो.

पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटे आधी एक तुकडा काढून सुरीने कापावा. मधोमध पांढरा ठिपका दिसला तर ती कणी आहे. ठिपका अगदी बारीक उरला असेल आणि पास्ता पुढे सॉसमध्ये दोन मिनिटे परतायचा असेल, तर तो याच वेळी उतरवावा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटर उंचीवर आहे आणि इथे पाणी ९८.५ अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे पाकिटावरच्या वेळेत फार तर अर्ध्या मिनिटाची भर पडते. कणी राहण्याचे खापर गावाच्या उंचीवर फोडण्यात अर्थ नाही.

थंड पाण्यापासून सुरुवात करण्याची रीत आखूड पास्त्याला चालते, पण वेळ नेमकी कधीपासून मोजायची हे ठरवणे अवघड जाते, म्हणून नवख्या माणसाने उकळत्या पाण्यापासूनच सुरुवात करावी असे मला वाटते. गॅस बंद करून झाकणाखाली शिजू देण्याची आणखी एक रीत आहे. २०२१ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले इटालियन शास्त्रज्ञ जोर्जो पारिझी यांनी २०२२ मध्ये समाजमाध्यमावर तिचा पुरस्कार केल्यावर इटलीत तिच्यावर बराच वाद झाला. जाड बुडाच्या पातेल्यात आणि घट्ट झाकणाखाली ती यशस्वी होते, वेळ दोन-तीन मिनिटे जास्त लागतो. तीतही पहिली दोन मिनिटे पेटत्या आचेवर ढवळून मगच गॅस बंद करावा.

मीठ पाण्याच्या हिशेबाने घालावे

पाणी कमी केल्यावर पहिली तक्रार येते ती पास्ता खारट झाल्याची. अडीच लिटर पाण्याला नियमाप्रमाणे २५ ग्रॅम, म्हणजे चार ते पाच सपाट चहाचे चमचे मीठ लागते. तेवढेच मीठ ९०० मिलिलिटर पाण्यात पडले तर लिटरमागे २८ ग्रॅम होते, आणि समुद्राच्या पाण्यात ते लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम असते. पास्ता शिजताना १०० ग्रॅममागे १०० ते १३० मिलिलिटर पाणी पितो आणि त्या पाण्यातले मीठही त्याच्याबरोबर आत जाते. म्हणून मीठ पास्त्याच्या वजनावर न ठरवता पाण्याच्या मापावर ठरवावे. थोड्या पाण्याच्या रीतीत लिटरमागे ६ ते ७ ग्रॅम पुरे, म्हणजे ९०० मिलिलिटरला एक सपाट चहाचा चमचा किंवा किंचित जास्त. हे १० ग्रॅमपेक्षा कमी ठेवण्याचे कारण असे की शिजवलेले उरलेले पाणी पुढे सॉसमध्ये वापरायचे असते आणि आटल्यावर त्याचा खारटपणा वाढतो. सॉसमध्ये चीज घालणार असाल तर आणखी थोडे कमी घालावे.

मिठाने पाणी लवकर उकळते किंवा जास्त तापते, ही समजूत मात्र सोडून द्यावी. लिटरला १० ग्रॅम मिठाने उकळबिंदू अंशाच्या पाचव्या हिस्स्यानेही वाढत नाही. मीठ चवीसाठीच असते.

ढवळूनही चिकट राहत असेल तर आधी पाकीट वाचावे

वरची रीत नीट पाळूनही पास्ता चिकट होत असेल, तर पुढचा संशय पिठावर घ्यावा. इटलीत कोरडा पास्ता केवळ ड्युरम गव्हाच्या रव्यापासून करण्याचे बंधन १९६७ सालच्या कायद्याने घातले गेले. ड्युरम म्हणजे आपला बन्सी गहू: कडक, पिवळसर आणि प्रथिनांनी भरलेला. आपल्या बाजारात ड्युरमच्या रव्याचा पास्ता मिळतो, साध्या गव्हाच्या रव्याचा मिळतो, मैदा मिसळलेला मिळतो आणि सुटा, कसल्याही नोंदीविना विकला जाणारा पास्ताही मिळतो. पाकिटावरच्या घटकांच्या यादीत पहिले नाव ड्युरम गव्हाच्या रव्याचे असावे आणि पोषणमूल्यांच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे प्रथिने १२ ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त असावीत. सुटा पास्ता घेताना रंग पाहावा. ड्युरमचा तुकडा मंद पिवळा, काहीसा पारदर्शक असतो आणि मोडताना कट्‌ असा आवाज होऊन स्वच्छ तुटतो. मैद्याचा तुकडा पांढुरका, मळकट दिसतो आणि मोडताना त्याचा भुगा पडतो.

मैद्याच्या पास्त्यात प्रथिनांची जाळी कमकुवत असते, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या मिनिटालाच पाणी दुधासारखे पांढरे आणि दाट होते. असा पास्ता घरात असेलच, तर त्याला १०० ग्रॅममागे ६०० ते ७०० मिलिलिटर पाणी द्यावे, पाकिटावरच्या वेळेच्या आधीच तपासायला सुरुवात करावी आणि चाळणीत उपसून लगेच सॉसमध्ये घालावा. तो ड्युरमसारखा होईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. पाणी वाढवून पिठाचा दोष पूर्ण भरून निघत नाही, आणि दर वेळी अडीच लिटर पाणी खर्च करण्यापेक्षा पाकीट बदलणे केव्हाही स्वस्त पडते.

बोअरचे पाणी

एकाच पाकिटातला पास्ता एका घरात मोकळा आणि दुसऱ्या घरात चिकट होत असेल, तर पाणी तपासावे. सोलापूर जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे आणि इथल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट यांचे प्रमाण बऱ्याच ठिकाणी जास्त असते. चहाच्या भांड्याच्या आतल्या बाजूला पांढरा थर धरत असेल, साबणाला फेस येत नसेल आणि तूरडाळ शिजायला वेळ लागत असेल, तर पाणी जड आहे असे धरून चालावे. मात्र डाळीचा अनुभव इथे दिशाभूल करू शकतो. जड पाण्यात डाळ लवकर मऊ होत नाही, म्हणून पास्ताही कडक राहील असे वाटते. प्रत्यक्षात उलटे घडते. डाळीच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन कॅल्शियममुळे घट्ट होते, म्हणून डाळ अडते. पास्त्यात असे पेक्टिन नसते. तिथे जड आणि अल्कधर्मी पाणी पृष्ठभागावरची पिष्ट आणि प्रथिनांची पकड ढिली करते, पिष्ट जास्त बाहेर येते आणि पास्ता चिकट होतो.

यात एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. बायकार्बोनेट असलेले पाणी जितके जास्त उकळावे तितका त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पाणी अधिक अल्कधर्मी होते. त्यामुळे आधण तयार होऊनही ते दहा-पंधरा मिनिटे तसेच उकळत ठेवले तर जड पाणी पास्त्यासाठी आणखी वाईट ठरते. यावरचा उपाय सोपा आणि स्वस्त आहे: लिटरभर पाण्याला एक चहाचा चमचा लिंबाचा रस घालावा. त्याने पाणी किंचित आम्लधर्मी होते, पिष्ट कमी सुटते आणि एवढ्या रसाची चव पास्त्यात जाणवत नाही. लिंबू वाढवत नेऊ नये, कारण पुढे दुधाचा किंवा सायीचा सॉस करायचा असेल तर तो फाटू शकतो. छोले लवकर शिजावेत म्हणून सोडा घालण्याची सवय ज्या घरात आहे, तिथे तोच सोडा पास्त्याच्या पाण्यात पडू देऊ नये. सोड्याने पाणी अल्कधर्मी होऊन पास्त्यावर बुळबुळीत थर येतो.

थोड्या पाण्याची रीत इथे दुसऱ्या अंगानेही उपयोगी पडते. अडीच लिटर लागत असताना पिण्याचे चांगले पाणी पास्त्यासाठी वापरणे जिवावर येते आणि म्हणून बोअरचे पाणी घेतले जाते. ९०० मिलिलिटरच लागत असेल, आणि त्यातलेही बहुतेक पोटात जाणार असेल, तर पिण्याचे पाणी वापरायला मन कचरत नाही.

उतू जाणे, तेल आणि कुकर

थोड्या पाण्यात पिष्ट दाट असल्याने फेस जास्त येतो. आच मध्यम ठेवली आणि झाकण अर्धे उघडे ठेवले की पाणी उतू जात नाही. पाण्यात तेल घातल्याने पास्ता सुटा राहतो हे मात्र खरे नाही. तेल वर तरंगते, पास्ता खाली शिजतो आणि दोघांची गाठ पडते ती फक्त उपसताना. तेलाने फेस थोडा बसतो, एवढाच त्याचा पाण्यातला उपयोग आहे. वेळून काढल्यावर पास्त्यावर तेल चोळून ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचा विचार पुढे डब्याच्या संदर्भात केला आहे.

कुकरमध्ये पास्ता करण्याची पद्धत अनेक घरांत आहे. मी ती सुचवणार नाही. बंद कुकरमध्ये पहिल्या दोन मिनिटांत ढवळता येत नाही, हे एक कारण. दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे: पास्त्याचा फेस वर चढून शिट्टीची नळी तुंबू शकते. तरीही करायचाच असेल तर कुकर अर्ध्याहून कमी भरावा, एक चमचा तेल घालावे, नळी आधी फुंकून मोकळी असल्याची खात्री करावी आणि वाफ आपोआप उतरेपर्यंत झाकणाला हात लावू नये.

जिथे पाणी खरोखर जास्त लागते

थोड्या पाण्याची रीत सरसकट लावू नये. स्पॅगेटीसारखा लांब पास्ता आडवा मावेल असे पसरट भांडे नसेल, तर तो उंच पातेल्यात भरपूर पाण्यातच शिजवावा, कारण समांतर पडलेल्या काड्या सबंध लांबीभर एकमेकींना टेकतात आणि त्यांचा जुडगा सहज होतो. पसरट कढई असेल तर स्पॅगेटीलाही १०० ग्रॅममागे ४०० मिलिलिटर पुरतात, पण पहिली दोन मिनिटे चिमट्याने काड्या उलटसुलट कराव्या लागतात. घरी लाटून कापलेल्या ताज्या पास्त्यावर चिकटू नये म्हणून पीठ भुरभुरलेले असते. ते सगळे पाण्यात उतरते आणि थोड्या पाण्याची खळ होते, म्हणून ताज्या पास्त्याला लिटरभराचा जुना नियमच योग्य आहे. लझान्याच्या रुंद पट्ट्या आणि सारण भरलेले प्रकार यांनाही मोकळे पाणी लागते.

ज्वारी, नाचणी किंवा तांदळाच्या पिठाच्या पास्त्याबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण आपला जिल्हा ज्वारीचा आहे आणि ज्वारीचा पास्ता इथे कौतुकाने घेतला जातो. या पिठांत ग्लुटेन नसते, त्यामुळे पिष्टाला धरून ठेवणारी जाळीच तयार होत नाही. अशा पास्त्याला गव्हाच्या पास्त्याच्या दुपटीहून जास्त पाणी द्यावे, हलक्या हाताने पण सतत ढवळावे आणि वेळ संपायच्या आधीच उतरवावे. अर्ध्या मिनिटाच्या उशिराने तो मोडू लागतो.

वेळून काढताना आणि डब्यात भरताना

पास्ता शिजल्यावर पातेल्यात जे दाटसर पाणी उरते, त्यातले किमान अर्धी वाटी काढून ठेवल्याशिवाय चाळणी हातात घेऊ नये. थोड्या पाण्यात शिजवल्यामुळे त्यात पिष्ट जास्त असते, आणि त्यामुळे तेल किंवा लोणी आणि टोमॅटोचा रस फुटून वेगळे न होता सॉस पास्त्याला धरून राहतो. भरपूर पाण्यात शिजवलेल्या पास्त्याचे पाणी यासाठी फार पातळ पडते. सॉस तयार नसताना पास्ता वेळून चाळणीत ठेवून देणे, हे गोळा होण्याचे आणखी एक नेहमीचे कारण आहे: पाणी निथळते, पृष्ठभागावरचे पिष्ट गार होऊन घट्ट होते आणि तुकडे जोडले जातात. सॉस आधी तयार ठेवावा आणि पास्ता थेट त्यात घालावा. गार पाण्याखाली धुण्याचा सल्ला फक्त सॅलडसाठी ठीक आहे. गरम पास्ता धुतला तर सॉस धरून ठेवणारे पिष्ट निघून जाते आणि वर आणखी पाणी खर्च होते.

शाळेच्या डब्यातला पास्ता दुपारपर्यंत एकजीव गोळा होतो, ही तक्रार स्वतंत्र आहे आणि तिचा शिजवण्याच्या पाण्याशी फारसा संबंध नाही. गार होताना पिष्ट पुन्हा कडक होत जाते आणि पास्ता सॉसमधला ओलावा शोषत राहतो. डब्यासाठी पास्ता एक मिनिट आधी उतरवावा, सॉस नेहमीपेक्षा पातळ ठेवावा, काढून ठेवलेल्या पाण्याचे दोन-तीन चमचे वरून घालावेत आणि शेवटी चमचाभर तेल चोळून मगच डब्यात भरावा. डब्याचे झाकण वाफ जिरल्यावर लावावे, नाहीतर आतल्या वाफेने पास्ता शिजत राहतो आणि वरचा थर लिबलिबीत होतो. घरी उरलेला पास्ता संध्याकाळी गरम करताना कोरड्या तव्यावर परतू नये. दोन चमचे पाणी शिंपडून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर तीन-चार मिनिटे वाफ द्यावी, म्हणजे चिकटलेले तुकडे न मोडता सुटे होतात.